मायकल लोवी आणि हान साम्राज्याचं दप्तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हान काळाबद्दल मराठीत लिहू लागल्यापासून जे प्रश्न येतात, त्यांतले बरेचसे फिरून मायकल लोवी या एकाच अभ्यासकापाशी येतात. तेच उत्तर पुन्हापुन्हा पाठवण्याऐवजी ते इथे एकत्र केलं आहे. सोपे प्रश्न आधी आणि किचकट नंतर घेतले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मायकल लोवी कोण होते, हे थोडक्यात सांगाल का?

चीनच्या पहिल्या दोन साम्राज्यांचे, म्हणजे छिन आणि हान काळाचे इंग्रज अभ्यासक. जन्म २ नोव्हेंबर १९२२ रोजी ऑक्सफर्डला झाला. निधन १ जानेवारी २०२५ रोजी, वयाची १०२ वर्षं पूर्ण झाल्यावर. १९६३ ते १९९० ते केंब्रिज विद्यापीठात शिकवत होते. चिनी अभ्यासक त्यांना लू वेइयी म्हणून ओळखतात.

घर विद्वानांचं होतं. वडील हर्बर्ट लोवी आणि भाऊ राफाएल लोवी हे दोघे हिब्रूचे पंडित, आणि पणजोबा लुई लोवी हे पौर्वात्य भाषांचे जाणकार. जुने ग्रंथ शब्दाशब्दाने वाचायची सवय घरातूनच आली असणार असं मला वाटतं. चीनकडे मात्र त्या घरातून ते एकटेच वळले, आणि तेही बऱ्याच वळणाने (प्रश्न ३).

२. ‘आरंभीचा साम्राज्यकाळ’ म्हणजे नेमका कोणता? आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं?

इ.स.पू. २२१ मध्ये छिनच्या राजाने बाकीची राज्यं जिंकून स्वतःला पहिला सम्राट म्हणवून घेतलं, तिथे हा काळ सुरू होतो. छिन घराणं पंधरा वर्षांत कोसळलं. पाठोपाठ हान आले. मध्ये इ.स. ९ ते २३ वांग मांगने गादी बळकावली, ती वर्षं सोडली तर हान इ.स. २२० पर्यंत टिकले. काही जण ‘आरंभीचा’ हा शब्द आणखी पुढे, थांग काळापर्यंत ताणतात. लोवींच्या लिखाणात त्याचा अर्थ छिन आणि हान एवढाच घ्यायचा.

आपल्याकडे या काळाच्या उत्तरार्धात सातवाहन होते. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा भिक्षूंना शेत देणारा आदेश कोरलेला आहे, आणि तो गोवर्धनच्या अमात्याला उद्देशून आहे. म्हणजे सरकारी हुकूम कुणाच्या नावे निघतो, जमिनीचं माप किती, हे सगळं इथेही लिहिलं जात होतं. फरक असा की आपल्याकडचे जे आदेश दगडावर चढले तेवढेच उरले. चीनच्या वाळवंटात कारकुनांचं रोजचं कच्चं दप्तरच उरलं.

३. युद्धात जपानी संकेत फोडणारा माणूस हान इतिहासाकडे वळला कसा?

लोवी ऑक्सफर्डला शिकत होते. जपानशी युद्ध पेटल्यावर जपानी येणारी माणसं तातडीने हवी होती, आणि ती नव्हती. मग कॅप्टन ऑस्वल्ड टक या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने बेडफर्डला सहा महिन्यांचा वर्ग काढला. १९४२ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या त्या पहिल्या तुकडीत लोवी होते. सहा महिन्यांत बोलायला नाही, पण लेखी जपानी वाचायला शिकवायचं, हे त्या काळी बहुतेकांना अशक्य वाटत होतं. तिथून ते ब्लेचली पार्कला, म्हणजे ब्रिटनच्या संकेत फोडणाऱ्या गुप्त केंद्रात, जपानी नौदलाच्या संकेतांवर कामाला लागले. पुढे १९९३ मध्ये निघालेल्या आठवणींच्या एका संग्रहात त्यांनी या कामावर स्वतः प्रकरण लिहिलं.

युद्धानंतरही ते सरकारच्या संदेशवहन खात्यातच राहिले. फावल्या वेळात चिनी शिकायला लागले. १९४७ मध्ये सहा महिने बीजिंगला राहायला मिळालं, आणि तिथे जुन्या चिनी ग्रंथांशी आणि इतिहासाशी जी गाठ पडली ती कायमची. परत आल्यावर लंडनच्या पौर्वात्य आणि आफ्रिकी विद्याशाखेत नोकरी सांभाळून शिक्षण घेतलं आणि १९५१ मध्ये पहिल्या वर्गात पदवी मिळवली.

संकेतांचं काम आणि पुढचं संशोधन यांत नातं आहे का, असंही बरेच जण विचारतात. माझ्या मते आहे. नौदलाचा संदेश एकटा वाचून काही कळत नाही. शेकडो संदेशांत तीच ठरावीक वाक्यं, तीच पदनामं, तीच वेळ लिहायची पद्धत पुन्हापुन्हा दिसते आणि त्या साच्यावरून तुटलेला भाग भरता येतो. प्रश्न ६ मध्ये सांगितलेलं, हान काळातल्या लिखित लाकडी पट्ट्यांचं काम अगदी याच जातीचं आहे.

४. सरकारी नोकरी सोडली तेव्हा त्यांचं वय काय होतं? उशीर झाला नाही का?

१९५६ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, त्यांनी सुरक्षित सरकारी नोकरी सोडून लंडन विद्यापीठात अतिपूर्वेच्या इतिहासाचे व्याख्याते म्हणून काम धरलं. पीएचडी १९६३ ची, म्हणजे चाळिशीत. त्याच वर्षी केंब्रिज.

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण स्वतः तिशीत असतात, नोकरीत असतात आणि मनात कुठला तरी अभ्यास घोळत असतो. त्यांना एवढंच सांगतो: लोवींच्या नावावरची जवळजवळ सगळी मोठी पुस्तकं चाळिशीनंतरची आहेत, आणि त्यांतलीही बरीचशी निवृत्तीनंतरची (प्रश्न १३).

५. त्यांचं सर्वांत महत्त्वाचं काम कोणतं? त्यांनी उत्खनन केलं का?

उत्खनन केलं नाही. त्यांचं नाव झालं ते जुयेनच्या लाकडी पट्ट्यांमुळे, आणि त्या पट्ट्या इतरांनी शोधल्या होत्या.

चीनच्या वायव्य सरहद्दीवर, एड्सिन-गोल नदीच्या काठाने हानांनी चौक्यांची आणि इशाऱ्याच्या बुरुजांची रांग उभारली होती. १९३० आणि १९३१ मध्ये चिनी-स्वीडिश मोहिमेतले फोल्के बेरमान यांना तिथल्या उकिरड्यांत आणि पडक्या खोल्यांत दहा हजारांहून जास्त लिखित पट्ट्या सापडल्या. काळ साधारण इ.स.पू. १०२ ते इ.स. ९८. हवा इतकी कोरडी की शाई तशीच राहिली.

मग त्या पट्ट्यांचा प्रवास सुरू झाला: आधी बीजिंग, जपानी आक्रमणानंतर हाँगकाँग, तिथून अमेरिकेत वॉशिंग्टनच्या काँग्रेस लायब्ररीत, आणि १९६५ मध्ये तैवान. इकडे लाओ गान हे चिनी विद्वान युद्धामुळे सिच्वानच्या एका गावात येऊन राहिले होते. मूळ पट्ट्या हाती नसताना छायाचित्रांवरून वाचन करून त्यांनी १९४३ मध्ये ते शिळाप्रेसवर छापलं. त्या माणसाचं नाव घेतल्याशिवाय लोवींचं नाव घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

छायाचित्रं १९५७ मध्ये छापून आली आणि लोवींना ती हाताशी मिळाली. त्यातून १९६७ मध्ये ‘रेकॉर्ड्स ऑफ हान ॲडमिनिस्ट्रेशन’ हे दोन खंडांचं पुस्तक आलं. पहिल्या खंडात हान कारभाराचं वर्णन आणि दुसऱ्यात निवडक दस्तऐवजांचं भाषांतर व टिपा आहेत.

६. पट्ट्या नुसत्या वाचायच्या होत्या, मग त्यात एवढं अवघड काय?

एक पट्टी म्हणजे साधारण २३ सेंटिमीटर लांब आणि बोटभर रुंदीची लाकडाची चीप. तिच्यावर सहसा एकच उभी ओळ असते. अशा अनेक पट्ट्या सुतळीने ओवून चटईसारख्या गुंडाळल्या की एक दस्तऐवज व्हायचा. दोन हजार वर्षांत सुतळी कुजली आणि पट्ट्या विखुरल्या. शिवाय चूक झाली की कारकून सुरीने वरचा थर तासून टाकायचा, त्या तासलेल्या कपच्यासुद्धा लिखाणासकट सापडल्या आहेत. कल्पना करा, एखाद्या कचेरीतल्या सगळ्या वह्यांच्या ओळी कातरून एका पोत्यात भरल्या आहेत आणि वरून निम्म्या हरवल्या आहेत.

सुतळीसकट उरलेलं उदाहरण अगदीच विरळ. इ.स. ९३ ते ९५ या काळातली, चौकीवरच्या सामानाची एक यादी ७७ पट्ट्यांची, ओवलेल्या अवस्थेत मिळाली. म्हणून तर मूळ दस्तऐवज दिसायचे कसे हे नक्की कळलं.

लोवींनी केलं ते असं. पट्टी कुठल्या जागी सापडली, लांबीरुंदी किती, मजकुराचा साचा कुठला आणि मुख्य म्हणजे हस्ताक्षर कुणाचं, हे चारही जुळले तरच दोन पट्ट्या एका दस्तऐवजात घ्यायच्या. क्योटोचे मोरी शिकाझो आणि त्यांचे सहकारी जपानमध्ये याच दिशेने काम करत होते, आणि लोवींना जपानी येत असल्यामुळे ते काम त्यांना थेट वाचता येत होतं. त्याआधी बहुतेकांनी एकेका पट्टीचं सुटं वाचन केलं होतं. लोवींनी शिधावाटपाची यादी, टपालाची जावक नोंद, गस्तीची हजेरी असे गठ्ठे पुन्हा बांधून दाखवले.

मोडी कागदांत काम केलेल्यांना हे लगेच पटेल. रुमाल सोडल्यावर सुटा कागद हाती आला तर आधी अक्षर कुणाचं आणि मायना कुठला, हेच आपण बघतो.

७. त्या पट्ट्यांत प्रत्यक्ष लिहिलंय काय? एखादं उदाहरण द्या.

राजेराण्यांचं फारसं काही नाही. बाण किती, त्यांतले पिसं झडलेले किती. टपाल कुणाकडून कुणाकडे, कुठल्या वेळी सुपूर्द झालं आणि ठरल्यापेक्षा उशिरा पोचलं का. सरहद्दीलगत वाळूचा एक पट्टा रोज विंचरून सपाट करायचा आणि सकाळी त्यावर पाऊलखुणा उमटल्या आहेत का ते बघायचं, या कामाच्या हजेऱ्याही आहेत. हे वाचताना मला अजूनही थरारायला होतं. रात्रीतून कुणी सरहद्द ओलांडली का, याचं उत्तर त्या वाळूत शोधणारा शिपाई समोर उभा राहतो.

एका पट्टीवर सीमा छंग नावाच्या बुरूजप्रमुखाची सेवानोंद आहे. सेवा दोन वर्षं, आठ महिने, चौदा दिवस. लिहिता येतं, हिशेब येतो, माणसं सांभाळता येतात, कायद्याचं बऱ्यापैकी ज्ञान आहे. वर्ग: लष्करी. वय ३२. उंची सात छ्र पाच त्सुन, म्हणजे आजच्या मापात सुमारे १७३ सेंटिमीटर. घर कचेरीपासून ६०० ली, म्हणजे साधारण २५० किलोमीटर.

हा सेवापट आहे. घर किती लांब हेसुद्धा त्यात भरून घेतलं आहे. असे शेरे अनेक पट्ट्यांवर जवळपास त्याच शब्दांत येतात, त्यामुळे छापील अर्ज नसतानाही ‘नमुना’ ठरलेला होता हे दिसतं. हान राज्य चारशे वर्षं टिकलं ते कशावर, या प्रश्नाचं लोवींचं उत्तर याच नमुन्यांत आहे. सम्राट बदलले, कट झाले, घराणी बुडाली, तरी या नोंदी लिहिणारा लेखनिक आपल्या जागी होता.

८. ‘धान्याच्या मापाचं कोडं’ म्हणजे काय?

१९६१ मध्ये लोवींनी हान काळातल्या धान्यमापांवर एक लेख लिहिला. जुयेनच्या शिधायाद्यांत शिपायाचा महिन्याचा वाटा कुठे ३ शी ३ तौ ३ शंग आणि वर एक तृतीयांश असा येतो, तर कुठे नुसता २ शी. (तौ हा शीचा दहावा भाग आणि शंग हा तौचा.) एकाच शिपायाला दोन वाटे कसे?

उत्तर असं की ‘शी’ हे माप दोन तऱ्हांचं होतं, मोठं आणि लहान. लहान शी हा मोठ्याच्या सहा दशांश. ३.३३ ला ०.६ ने गुणा, बरोबर २ येतात. वाटा तोच, माप वेगळं. गंमत म्हणजे धान्य कांडून टरफल काढल्यावर दहाचे सहा उरतात, हेच प्रमाण तेव्हाच्या कायद्यातही येतं, त्यामुळे दोन मापांचं मूळ तिथे आहे असं मानणारे अभ्यासक आहेत.

ज्यांच्या आजीच्या घरी पायली होती त्यांना वेगळं सांगायला नको. एका तालुक्याची पायली दुसऱ्या तालुक्यात चालत नसे. हे न समजता शिधायाद्यांची बेरीज मांडली तर चौकीवर एक तर उपासमार दिसेल किंवा चंगळ, आणि दोन्ही खोटं.

९. ‘शीजी’ आणि ‘हानशू’ यांसारखे मोठे इतिहासग्रंथ असताना या चिठ्ठ्याचपाट्यांची गरज काय? दोघांत विसंगती आली तर?

सीमा छ्येन यांचा ‘शीजी’ आणि बान गू यांचा ‘हानशू’ यांना बखरी म्हणून बाजूला सारता येत नाही. त्यांत अधिकृत आदेश आणि आकडे जसेच्या तसे उतरवलेले आहेत. इ.स. २ च्या शिरगणतीचा ५,९५,९४,९७८ हा आकडा ‘हानशू’मुळेच आपल्याकडे आहे. पण हे ग्रंथ राजधानीत बसून, राजधानीसाठी लिहिलेले. तालुक्याच्या कचेरीत काय चालायचं, ते त्यांत क्वचितच डोकावतं.

राजवाडे गावोगाव फिरून अस्सल कागद का गोळा करत होते, हे मराठी वाचकाला माहीत आहे. लोवींची भूमिका त्याहून थोडी मवाळ होती. ग्रंथ आधी नीट वाचायचा, त्यातली पदनामं आणि नियम समजून घ्यायचे, आणि मग पट्टीवर तो नियम पाळलेला दिसतो का ते तपासायचं. विसंगती आली तर लगेच ग्रंथ खोटा ठरवायचा नाही. सरहद्दीवरचा लष्करी कारभार आणि आतल्या प्रांतांचा कारभार एकसारखा असेलच असं नाही, हे आधी ध्यानात घ्यायचं.

१९९३ मध्ये यिनवानच्या थडग्यातून दोंगहाय प्रांताची कागदपत्रं निघाली तेव्हा आतल्या प्रांताचं दप्तरही पाहायला मिळालं. ३८ तालुकापातळीचे घटक, २,६६,२९० कुटुंबं, १३,९७,३४३ माणसं, आणि कुठल्या कचेरीत किती नोकर याचा तपशील. लोवी तेव्हा सत्तरीत होते. हे सगळं पुन्हा मुळापासून अभ्यासून २००४ च्या पुस्तकात त्यांनी हान कारभार चालवणाऱ्या माणसांचं चित्र नव्याने मांडलं.

१०. ‘आधुनिकतावादी’ आणि ‘सुधारणावादी’ ही त्यांची विभागणी आता मानतात का?

१९७४ च्या पुस्तकात लोवींनी इ.स.पू. १०४ ते इ.स. ९ मधले काही निवडक प्रसंग घेतले. इ.स.पू. ९१ चं जादूटोण्याचं प्रकरण, ज्यात युवराजाचा बळी गेला. इ.स.पू. ८१ मधली मीठ आणि लोखंडाच्या सरकारी मक्तेदारीवरची वादचर्चा. दरबारातल्या बलाढ्य हुओ घराण्याचा नाश. या प्रसंगांतून त्यांना दोन वृत्ती दिसल्या. एका बाजूचे लोक छिनचा कणखर कारभार, मक्तेदारी आणि सरहद्दीचा विस्तार यांच्या बाजूचे. त्यांना ते ‘मॉडर्निस्ट’ म्हणाले. दुसऱ्या बाजूला प्राचीन चौ राजांचा आदर्श, काटकसर आणि हलका कर मागणारे. ते ‘रिफॉर्मिस्ट’.

या नावांवर टीका झाली आणि ती रास्त आहे. ते काही दोन पक्ष नव्हते, एकच मंत्री एका बाबतीत इकडे आणि दुसऱ्या बाबतीत तिकडे असू शकतो, आणि दोन्ही शब्द विसाव्या शतकाचे. तरीही मला ही विभागणी उपयोगी वाटते, कारण तिच्याआधी सगळ्या भांडणांना ‘कन्फ्यूशियसवादी विरुद्ध कायदावादी’ हेच लेबल लागायचं आणि ते त्याहूनही चुकीचं होतं. मीठ-लोखंडाच्या चर्चेचंच बघा. इतका कडाक्याचा वाद होऊनही मुख्य मक्तेदारी कायम राहिली, सुटली ती प्रामुख्याने दारूची. तत्त्वज्ञानाचा जय-पराजय त्यात शोधण्यापेक्षा खजिन्याची गरज बघितली तर हे लवकर कळतं.

११. सम्राट वूने कन्फ्यूशियसच्या मताला राजधर्म केलं, असं आम्ही शिकलो. लोवी ते नाकारतात का?

इतकं सरळ घडलं नाही, असं ते म्हणतात. या कथेचा नायक दोंग चोंगशू हा त्या काळचा विद्वान. लोवींनी २०११ मध्ये त्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा निष्कर्ष असा की दोंगचं दरबारातलं वजन पुढच्या पिढ्यांनी खूप वाढवून सांगितलं, आणि त्याच्या नावावरचा ‘छुनछ्यू फानलू’ हा ग्रंथ सगळा त्याचाच मानता येत नाही. सम्राट वूच्या हयातीत ‘विजय’ वगैरे काही झाला नाही. बदल हळूहळू, बऱ्याच नंतर होत गेला.

ग्रंथ कुणाचा, कधीचा, त्यात भर कधी पडली, हे आधी ठरवायचं हा त्यांचा जुना आग्रह. १९९३ मध्ये त्यांच्या संपादनाखाली ६४ प्राचीन चिनी ग्रंथांची एक मार्गदर्शिका निघाली. प्रत्येक ग्रंथाचा कर्ता, काळ, हस्तलिखितं, छापील आवृत्त्या. वरवर रुक्ष वाटणारं ते पुस्तक पुढच्या अभ्यासकांच्या टेबलावर वर्षानुवर्षं उघडं राहिलं.

१२. ते फक्त कारभाराचेच अभ्यासक होते का? श्रद्धा, देवदेवता, मृत्यू यांवर काही?

भरपूर. १९७२ मध्ये छांगशाजवळ मावांगद्वेईचं थडगं उघडलं. आत इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या सरदारपत्नीचा देह आणि शवपेटीवर अंथरलेलं दोन मीटर लांबीचं रेशमी चित्र होतं. वर सूर्यातला कावळा आणि चंद्रातला बेडूक, मध्ये काठी टेकत उभी ती बाई, खाली पाताळ. १९७९ च्या पुस्तकात लोवींनी हे चित्र, हान काळातले काशाचे आरसे आणि ‘पश्चिमेची राणीमाता’ ही देवता या तिन्हींमधून मरणोत्तर प्रवासाच्या कल्पना उलगडल्या.

राणीमातेचा एक प्रसंग अवश्य वाचा. इ.स.पू. ३ मध्ये अवर्षण होतं. लोक हातात गवताच्या काड्या घेऊन एकमेकांना देत रस्त्यांवर धावत सुटले, कुणी अनवाणी, कुणी केस मोकळे सोडून. देवीची काडी पुढे पोचवतोय, एवढंच ते सांगत. २६ प्रांत ओलांडून ही लाट राजधानीत पोचली. ‘हानशू’त हे आपत्तीसूचक शकुन म्हणून नोंदलं आहे. लोवी ते भेदरलेल्या माणसांची हालचाल म्हणून वाचतात.

१३. निवृत्तीनंतर त्यांनी काय केलं?

१९९० मध्ये निवृत्त झाले ते पूर्ण वेळ संशोधन करायचं म्हणून. पुढची पंचवीस वर्षं पुस्तकं येतच राहिली. शेवटच्या मोठ्या पुस्तकांपैकी एक २०१६ चं, हान कारभारातल्या अडचणींवर. तेव्हा ते ९३ वर्षांचे होते.

या काळातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते २००० मधलं चरित्रकोशाचं काम. छिन, पूर्व हान (म्हणजे वांग मांगच्या आधीचे हान) आणि वांग मांगच्या काळातली, ग्रंथांत नाव आलेली माणसं, एकेकाची नोंद. अशा कोशाची किंमत वापरल्याशिवाय कळत नाही. पुढच्या काळाचा, म्हणजे उत्तर हान (वांग मांगनंतरचे हान) ते तीन राज्यांपर्यंतचा कोश राफ द क्रेस्पिन्यी यांनी २००७ मध्ये केला. दोन्ही शेजारी ठेवले की सलग साडेचारशे वर्षांची माणसं सापडतात.

व्यक्तिगत आयुष्यातली एक गोष्ट वाचक हटकून विचारतात म्हणून: २००२ मध्ये त्यांनी जपानी धर्माच्या अभ्यासक कार्मेन ब्लॅकर यांच्याशी विवाह केला. त्याही युद्धकाळात ब्लेचलीला होत्या. त्यांचं निधन २००९ मध्ये झालं.

१४. केंब्रिजच्या चीन-इतिहासाच्या पहिल्या खंडात त्यांचा वाटा किती?

संपादक डेनिस ट्विचेट आणि लोवी. प्रकाशन १९८६. पूर्व हानचा राजकीय इतिहास आणि आणखी काही प्रकरणं लोवींनी स्वतः लिहिली. छिन डर्क बॉड यांनी, वांग मांग आणि उत्तर हान हान्स बिलेनस्टाइन यांनी, कायदा हुल्सवे यांनी, अर्थव्यवस्था निशिजिमा सादाओ यांनी. निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासकांना एका पुस्तकात एका सुरात आणणं हे काम लिहिण्याइतकंच जिकिरीचं. इ.स.पू. २२१ च्या आधीच्या काळाचा स्वतंत्र खंड १९९९ मध्ये आला, त्यातही लोवी सहसंपादक होते.

१५. हान ग्रंथांत भारताबद्दल काही आहे का?

आहे. हुल्सवे यांनी १९७९ मध्ये ‘हानशू’तल्या मध्य आशियावरच्या प्रकरणांचं भाषांतर प्रसिद्ध केलं, त्याला प्रस्तावना लोवींची. त्यात ‘जीबिन’ देश येतो, तो भारताच्या वायव्येकडचा, गांधार-काश्मीर परिसरातला मानतात. तिथे वशिंडाचे बैल आहेत, हत्ती आहेत, आणि सोन्याचांदीच्या नाण्यांवर एका बाजूला घोडेस्वार तर दुसऱ्या बाजूला माणसाचा चेहरा आहे, असं लिहिलं आहे. नाणी गोळा करणाऱ्यांना हे वर्णन वाचून ओळखीचं काही तरी दिसेल. महाराष्ट्राचा उल्लेख शोधणाऱ्यांची मात्र इथे निराशा होईल.

१६. मराठी माणसाला हा विषय घ्यायचा असेल तर काय शिकावं लागेल?

अभिजात चिनी भाषा आधी. आजची बोलली जाणारी चिनी येते म्हणून ‘हानशू’ वाचता येत नाही, जसं मराठी येतं म्हणून महाराष्ट्री प्राकृत वाचता येत नाही. दुसरी भाषा जपानी, का ते प्रश्न ६ मध्ये आलंच. चिनीच्या अभ्यासासाठी शांतिनिकेतनचं चीनभवन १९३७ पासून आहे.

पुण्याला या वाटेची परंपरा आहे, फक्त ती बौद्ध ग्रंथांच्या अंगाने गेली. वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिबेटी आणि चिनी हाताळली. पु. वि. बापट यांनी जपानी विद्वान हिराकावा यांच्यासह ‘समन्तपासादिका’ या पाली विनयटीकेच्या चिनी रूपाचं इंग्रजी भाषांतर केलं, ते १९७० मध्ये भांडारकर संस्थेने काढलं. छिन-हान कारभाराकडे वळायचं असेल तर मोडी आणि पेशवे दप्तर हाताळलेला माणूस या कामात इतरांपेक्षा चार पावलं पुढे असेल, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो.

१७. त्यांची जुनी पुस्तकं आणि नवी पुस्तकं यांत नावं वेगळी का दिसतात?

लिप्यंतराची पद्धत बदलली म्हणून. जुन्या पुस्तकांत वेड-जाइल्स पद्धत आहे, नंतरच्या पुस्तकांत फिनयिन. रोमन अक्षरांत शब्द अगदी निराळे दिसतात, पण माणूस किंवा गाव तेच असतं. शंका आली तर मूळ चिनी अक्षर बघा.

१८. आधी कोणतं पुस्तक वाचावं?

हान काळातल्या दैनंदिन जीवनावरचं १९६८ चं पुस्तक सर्वांत सोपं, पण त्यानंतर झालेले शोध त्यात अर्थातच नाहीत. त्याच्या जोडीला कारभारावरचं २००६ चं छोटं पुस्तक घ्या. पट्ट्यांचे दोन खंड लगेच उघडू नका.

१९. छिनचा शेवट कुठे इ.स.पू. २०७ तर कुठे २०६ लिहिलेला असतो. बरोबर काय?

दोन्ही, कसं मोजता त्यावर. इ.स.पू. १०४ च्या पंचांगसुधारणेपर्यंत सरकारी वर्ष दहाव्या महिन्यात सुरू होई, तरी महिन्यांचे क्रमांक मात्र बदलत नसत. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला दहावा, अकरावा आणि बारावा महिना, आणि मग पहिला. छिनच्या शेवटच्या राजाने शरणागती पत्करली ती ‘हानच्या पहिल्या वर्षाच्या दहाव्या महिन्यात’. हानचं पहिलं वर्ष बहुतांशी इ.स.पू. २०६ मध्ये पडतं म्हणून सरसकट २०६ लिहितात, पण तो दहावा महिना प्रत्यक्षात इ.स.पू. २०७ च्या शेवटाला येतो. विक्रम संवत गुजरातेत कार्तिकात आणि उत्तरेत चैत्रात बदलतो, तेव्हा जुन्या कागदाचं वर्ष काढताना आपली जी धांदल उडते ती हीच. वांग मांगचं तर त्याहून अवघड. तो गादीवर बसला तो दिवस आपल्या मोजणीत १० जानेवारी, इ.स. ९. जुन्या पंचांगाने ते वर्ष अजून संपलेलं नव्हतं. त्याने बाराव्या महिन्यालाच वर्षाचा पहिला महिना ठरवलं, आणि काही दिवसांतच नवं वर्ष सुरू झालं.